परातभर आभाळ

त्या वर्षी सोलापुरात उन्हाचा भोंगा मार्चच्या मध्यालाच वाजू लागला. पूर्वी या शहरात गिरण्यांचे भोंगे वाजायचे, ते माणसांना कामावर बोलवायला. हा महापालिकेचा भोंगा उलटा होता. तो म्हणायचा, घरात जा. सकाळी तो वाजला की दुकानांची शटरं खाली यायची, रिक्षावाले झाडाबुडी गाड्या लावून पाय ताणायचे, आणि मग ऊन कलेपर्यंत रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसायचं नाही.

सरोजा येमूल अकरावी-बारावीला पदार्थविज्ञान शिकवायची. कॉलेज उजाडता उजाडता भरायचं आणि भोंग्याच्या आत सुटायचं. ती घाईघाईनं चिमणी चाळीचे तीन जिने चढायची, डोक्यावरचा ओला पंचा दाराला अडकवायची, आणि आतून सासऱ्यांची हाक यायची, "सरोजा, टॉवरचं काय झालं गं?"

"व्हायचंय अजून, मामा. सभा आहे पुढच्या महिन्यात."

"सभा कशाला पाहिजे? लोकांना संडास घरात पाहिजे का गॅलरीच्या टोकाला, एवढंच विचारायचं. हात वर, विषय संपला."

दशरथ येमूल पंचाहत्तरीचे होते. चाळीमागची गिरणी चालू होती तेव्हा तिथं जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते. गिरणी बंद पडली, यंत्रं भंगारात गेली, शेडी पाडल्या. मागं उरली एक उंच चिमणी, बॉयलरच्या पाण्यासाठी बांधलेला भलामोठा हौद आणि शहराच्या ऐन मध्यावर पसरलेली मोकळी जागा. लोक तिला चिमणी मैदान म्हणत. ऊन उतरलं की अर्धं शहर तिथं येई. पोरं क्रिकेट खेळत, पोलीस भरतीच्या तयारीतल्या मुली फेऱ्या मारत, कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकणाऱ्या बायका कडेला बसत, आणि चाळीतल्या नव्या जोडप्यांना दोन शब्द बोलायला तेवढीच जागा होती.

या मैदानाच्या मध्यावर अडतीस मजल्यांचे दोन टॉवर बांधायचे, चाळीतल्या सहाशे कुटुंबांना त्यात फुकट घरं द्यायची आणि उरलेली घरं विकायची, अशी योजना एका बांधकाम कंपनीनं मांडली होती. चित्रं सुंदर होती. दशरथमामांनी त्यातलं एक भिंतीला चिकटवलं होतं. पायऱ्या चढताना त्यांचा गुडघा कटकट वाजे. सकाळी गॅलरीच्या टोकाला रांगेत उभं राहताना त्यांना भिंत धरावी लागे. मैदान जाणार म्हणून कुणी हळहळलं की ते चिडत.

"मैदान? अरे, तिथं आम्ही कापसाचा धुरळा खाऊन उभे राहिलो. तुम्हाला आठवणी, आम्हाला खोकला."

सरोजाही टॉवरच्या बाजूचीच होती. बाविसाव्या मजल्यावरून सिद्धेश्वराचं तळं दिसेल, वारा येईल, पाण्यासाठी नंबर लावावा लागणार नाही, हे तिलाही हवं होतं. आणि त्या आठवड्यात तिचा नवरा व्यंकटेश आणखी एक बातमी घेऊन आला.

"कंपनीनं विचारलंय," हातपाय धुता धुता तो म्हणाला. "दोन्ही टॉवरच्या गच्च्यांना आपलं गार कापड लावायचंय. दोन वर्षं आठही माग चालतील."

व्यंकटेशची अक्कलकोट रोडला यंत्रमागांची शेड होती. चादरींचं काम रोडावल्यावर त्यानं गार कापड विणायला घेतलं होतं. धागा हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत तयार झालेला. पण तो मागावर तुटू न देता विणणं सोलापूरकरांनाच जमलं.

या कापडाचं शास्त्र सरोजा वर्गात सांगायची तेव्हा हिवाळ्यातल्या पत्र्यापासून सुरुवात करायची. निरभ्र रात्री उघड्यावरचा पत्रा भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो, सकाळी त्यावर दव साचतं. का? कारण प्रत्येक वस्तू सतत उष्णता बाहेर टाकत असते, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपानं. यातले बरेचसे किरण हवेतली वाफ आणि काही वायू शोषून घेतात आणि पुन्हा खाली पाठवतात. पण ठरावीक लांबीच्या लहरींना वातावरण अडवत नाही. त्यांच्यापुरती हवेला जणू खिडकीच आहे. तिच्यातून उष्णता सरळ अंतराळात निघून जाते, आणि अंतराळ इतकं थंड की कितीही उष्णता टाकली तरी ते तापत नाही. दिवसा पत्र्याला हे जमत नाही, कारण तो टाकतो त्याच्या कितीतरी पट उष्णता सूर्य त्याच्यावर ओततो. गार कापडाच्या धाग्यात अतिसूक्ष्म कण असे बसवले होते की ऊन जवळजवळ सगळं परतवलं जाई, आणि कापडाची स्वतःची उष्णता मात्र नेमकी त्या खिडकीत बसणाऱ्या लहरींतून बाहेर पडे. म्हणून भर दुपारी, उन्हात पसरलेलं असूनही, ते सावलीतल्या हवेपेक्षा गार राही. वीज नाही, मोटार नाही. दोनच अटी होत्या. हवा कोरडी हवी. ती सोलापूरच्या उन्हाळ्याला सांगावी लागत नाही. आणि कापडाला वर मोकळं आभाळ दिसलं पाहिजे.

ही दुसरी अट एप्रिलमध्ये सरोजाच्या दारात येऊन उभी राहिली, ती नणंदेच्या रूपानं.

पद्मा मैदानामागच्या गल्लीत राहायची. दोन वर्षांपूर्वी व्यंकटेशनं तिच्या पत्र्यावर गार कापड ताणून दिलं होतं आणि ती सगळ्या गल्लीला कौतुकानं सांगत सुटली होती. आता ती तणतणत आली.

"वहिनी, दादाचं कापड बाद झालं. पत्रा पूर्वीसारखाच तापतोय. मागच्या मे महिन्यात लाइट गेली त्या दुपारी शेजारची गंगव्वा कशी गेली बघितलंस ना? मला रोज तिचीच आठवण येते बघ."

"कापड बाद होत नाही गं इतक्यात," सरोजा म्हणाली. "उद्या बघते येऊन."

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या प्रयोगशाळेतला तापमापक घेऊन ती पद्माच्या पत्र्यावर चढली. कापड धुतल्यासारखं पांढरं होतं, धागा शाबूत होता, पण ते हवेपेक्षा जेमतेम एका अंशानं गार होतं. तिनं मान वर केली आणि तिला कळलं. गेल्या वर्षी पद्माच्या घराच्या दोन्ही अंगांना सात-सात मजल्यांच्या इमारती उठल्या होत्या. वर आभाळाची एक पट्टी उरली होती, ओढणीएवढी. बाकी कापडाला दिसत होत्या त्या तापलेल्या भिंती, आणि त्या आपली उष्णता त्याच्यावर ओतत होत्या. त्याच कापडाचा एक तुकडा सोडवून तिनं मैदानाच्या मधोमध दोन खुंट्यांवर ताणला. तिथं तो हवेपेक्षा सात अंशांनी गार झाला.

हवेचा दोष नव्हता, धाग्याचा नव्हता. पद्माचं आभाळ गेलं होतं.

सरोजा तिथंच ओला पंचा डोक्यावर घेऊन उभी राहिली. मैदानात दोन टॉवर उभे राहिले तर किती जणांचं जाईल? आणि उलट, आहे ते मैदान कापडानं झाकलं तर? रात्री कापडाखालून पाणी फिरवायचं, ते गार झालं की हौदात साठवायचं, दिवसा नळ्यांमधून घराघरांच्या छताला खेळवायचं. भोंगा झाल्याचंही तिला भान राहिलं नाही. शेवटी गस्तीवरच्या शिपायानं शिट्टी मारली तेव्हा ती हलली.

संध्याकाळी ती टॉवरच्या आर्किटेक्ट ऋतुजा भोसेकर यांना भेटायला गेली. मैदानाच्या कोपऱ्यात त्यांचं तात्पुरतं ऑफिस होतं. सरोजाला वाटलं होतं, बाई उडवून लावतील. त्यांनी चहा मागवला आणि संगणकावर मैदानामागची सगळी पेठ उभी केली, प्रत्येक घर, प्रत्येक गच्ची. मग मधोमध टॉवर ठेवले.

रंग सावकाश बदलत गेले. टॉवरच्या माथ्यावर थंडाव्याचा निळा रंग चढला. त्यांच्या गच्चीला आभाळच आभाळ होतं. तिथल्या थंडाव्यावर टॉवरमधल्या घरांचा निम्मा विजेचा खर्च वाचणार होता. खाली मात्र पेठेच्या गल्ल्यांवर तांबूस छटा पसरली. पसरत पसरत ती पद्माच्या घरापलीकडे, बाजारापर्यंत गेली.

"हे आम्ही आधी चालवून पाहिलंच नव्हतं," ऋतुजाबाई हळूच म्हणाल्या. "आम्ही सावली कुठं पडते ते पाहिलं. वारा अडतो का ते पाहिलं. आभाळ किती दिसतं, हे कुणी विचारत नाही."

"म्हणजे ज्याच्या डोक्यावर आभाळ, त्याचा थंडावा."

"हो. आणि जो उंच, त्याच्या डोक्यावर आभाळ." त्यांनी टॉवरवर बोट ठेवलं. "पण मॅडम, सहाशे घरांचं काय? तुमच्या चाळीचे खांब मी आतून पाहिलेत. त्यांना फार दिवस नाहीत."

सरोजानं चहा संपवला आणि ती उठली. ती घरी आली, भाकरी थापल्या, आणि जेवताना तिनं सगळं सांगितलं. व्यंकटेशचा घास हातातच राहिला.

"हे तू आर्किटेक्टबाईंना बोललीस?"

"हो."

"मला बोलायच्या आधी?"

"तुम्ही शेडवर होता."

"फोन होता ना माझ्याकडं." त्यानं ताट पुढं सारलं. "दोन वर्षांचं काम दारात आलंय, सरोजा. माणसं विचारायलीत, मालक, नक्की का? काय सांगू? बायकोनं आभाळ मोजलं म्हणून?"

दशरथमामा भिंतीवरच्या चित्राकडे बघत होते. "तुला कुणी सांगितलं होतं मोजायला?" एवढंच ते म्हणाले, आणि त्या आवाजात राग नव्हता. सरोजाला तेच जास्त लागलं.

पुढचे दिवस घरात भांडी वाजत, माणसं बोलत नसत. व्यंकटेश पहाटे जाई, जेवायला शेडवरच थांबे. चाळीतही बातमी फुटली. पाण्याच्या नळावर सरोजा आली की बायका विषय बदलत. एकीनं तर तोंडावर विचारलं, "मॅडम, तुम्हाला पगार आहे, तुम्ही कुठंबी घर घ्याल. आमचं काय?" सरोजा बादली घेऊन परतली; सगळ्यांत वाईट हे की ती बाई चुकीचं बोलत नव्हती. मध्येच तिला वाटे, गप्प बसावं. कापड गार होतं की नाही हे कुणाला कळणार होतं? पद्मालासुद्धा कळलं नसतं. तिनं आयुष्यभर भावाच्या कापडालाच नावं ठेवली असती.

चाळ समितीच्या अध्यक्ष मेहरुन्निसा शेख तेवढ्या तिच्याशी नीट वागत. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून हयात घालवलेली बाई. कुणाच्या रडण्यानं किंवा ओरडण्यानं हलणारी नव्हती.

"तू खरं मोजलंस ना?" त्यांनी विचारलं.

"खरं मोजलंय, आपा."

"मग सभेत सांग. पण नुसतं नको म्हणायला येऊ नकोस. नको म्हणणारे पुष्कळ असतात. त्याच्याऐवजी काय, ते घेऊन ये."

सरोजानं पुन्हा आकडे काढले, या वेळी आभाळाचे तुकडे करून. आणि तिथं तिला ती गोष्ट दिसली, जी ती दर वर्षी मुलांना सूर्यास्ताच्या धड्यात सांगत आली होती. डोक्यावर सरळ वर पाहिलं तर हवेचा थर पातळ असतो. क्षितिजाकडे पाहिलं तर नजर तिरपी जाते, तिला कितीतरी जास्त हवा ओलांडावी लागते. उष्णतेची खिडकी म्हणूनच माथ्यावर लख्ख उघडी आणि कडेला धुरकट. शिवाय सपाट पसरलेलं कापड सरळ वरच जास्त उष्णता फेकतं, कडेला कमी. म्हणजे सगळं आभाळ सारख्या मोलाचं नव्हतं. माथ्यावरचं सोन्याचं, कडेचं पितळेचं. कडेचं थोडं गेलं तरी कापडाला फारसं कळणार नव्हतं.

ती धावतच ऋतुजाबाईंकडे गेली. दोघींनी आठवडाभर घरं हलवली. टॉवर मैदानाच्या मध्यातून उचलून कडेला, गिरणीच्या जुन्या गोदामांच्या आणि चाळीच्या जागेवर आणले. माथा खाली खाली आणत अकरा मजल्यांवर थांबवला. सहाशे घरं बसली. पण विक्रीची घरं जवळजवळ सगळी उडाली, आणि प्रत्येक घराची एक खोली लहान झाली.

"कंपनी हे करणार नाही," ऋतुजाबाई म्हणाल्या.

"आणि तुम्ही?"

"मी कंपनीला सांगेन की हे होऊ शकतं. त्यानंतर माझी नोकरी राहील का, ते मला माहीत नाही." आणि त्या मोकळेपणानं हसल्या. "माझी आई पेठेतच राहते, मॅडम."

सभेच्या दोन दिवस आधी घरात एक गोष्ट घडली. दशरथमामा सकाळी काठी घेऊन बाहेर पडले ते भोंगा वाजला तरी आले नाहीत. सरोजा कासावीस झाली. व्यंकटेशला फोन केला. तो शेड सोडून निघाला. तेवढ्यात पद्माचा निरोप आला, "बाबा माझ्याकडं आलेत. इथंच बसतो म्हणतात. काही केल्या ऐकेनात."

ऊन कलल्यावर व्यंकटेश त्यांना रिक्षातून घेऊन आला. म्हाताऱ्याचा सदरा घामाच्या मिठानं पांढरा झाला होता. सरोजानं ताकाचा तांब्या पुढं केला. त्यांनी तो एका दमात संपवला, तोंड पुसलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. काय झालं, कुणाला सांगितलं नाही.

सभा मैदानातच भरली, सूर्य बुडता बुडता. सतरंज्या पुरल्या नाहीत. लोक मातीतच बसले. कंपनीच्या माणसानं चित्रं दाखवली, टाळ्या पडल्या. मग मेहरुन्निसाआपांनी सरोजाला उभं केलं.

सरोजानं कागद आणले नव्हते. तिनं आपांच्या घरातली मोठी परात मागवली होती. परात जमिनीवर ठेवून तिनं मध्ये एक तांब्या उभा केला.

"ही परात म्हणजे आपल्या डोक्यावरचं आभाळ, असं समजा. मधला भाग माथ्यावरचा, काठ म्हणजे क्षितिज. गारवा येतो तो मधल्या भागातून. तिथं हा टॉवर उभा केला तर आसपासच्या सगळ्यांच्या वाट्याचं आभाळ तो खातो. पण हाच," तिनं तांब्या उचलला आणि आपांनी दिलेल्या वाट्या काठालगत मांडल्या, "बुटका करून काठावर नेला, तर मधलं आभाळ मोकळं राहतं. मग मैदानावर कापड ताणता येतं. रात्री गार केलेलं पाणी हौदात साठतं, दिवसा नळ्यांनी आपल्या घरात जातं. आणि मागच्या पेठेतही जातं. घर मिळेल, लिफ्ट मिळेल. खोली लहान मिळेल, आणि उशिरा मिळेल. हे मी लपवत नाही."

गलका उठला. कुणी म्हणालं, पेठेतल्या लोकांसाठी आम्ही का लहान घरात राहायचं? कुणी म्हणालं, उशिरा म्हणजे कधीच नाही. नळावरची ती बाई उठून म्हणाली, "कंपनी आज देते म्हणते, मॅडम उद्या. मी आजचं घेईन." बऱ्याच माना हलल्या. सरोजाला वाटलं, गेलं.

मागून काठीचा आवाज आला. दशरथमामा उभे राहिले होते. सावरायला व्यंकटेश पुढं झाला, त्यांनी त्याचा हात झटकला.

"मी टॉवरवाला," ते म्हणाले. "माझ्या भिंतीला चित्र आहे. समद्यांना ठाऊक आहे." लोक हसले. "सुनेनं मोजून सांगितलं, मला राग आला. म्हटलं, आकड्यात काय असतं? म्हणून परवा माझ्या पोरीच्या घरात जाऊन बसलो, भोंग्यापासून ऊन कलेपर्यंत. गिरणीच्या भट्टी खात्यात मी उभं आयुष्य काढलंय. तिथं निदान पाळी संपली की बाहेर येता यायचं. माझी पोरगी त्यातच राहते. तिची पाळी संपत नाही." ते दम घ्यायला थांबले. "टॉवर झाला की समदी पेठ तशी होणार म्हणते ही. मी बाविसाव्या मजल्यावर गार वाऱ्यात बसून खाली पोरीच्या पत्र्याकडं बघायचं का? मला नाही जमणार. तुमचं तुम्ही बघा."

ते खाली बसले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. हात वर करायची वेळ आली तेव्हा आपांना दोनदा मोजावं लागलं. काठावरच्या इमारती थोड्याशाच मतांनी जिंकल्या. नळावरच्या बाईनं हात वर केला नाही, पण जाताना ती सरोजापाशी थांबून म्हणाली, "आता करून दाखवा म्हणजे झालं."

त्या संध्याकाळी व्यंकटेश कितीतरी दिवसांनी घरी जेवला. दोन भाकरी संपवल्या. मग ताटाकडे बघतच म्हणाला, "मैदानावर एवढं कापड ताणलं तर वाऱ्यानं काठ फाटणार. दुहेरी काठ विणावा लागंल. आणि मधेमधे भोकं पाहिजेत, वारा जायला."

"भोकं पाडली तर गारवा कमी होईल," सरोजा म्हणाली.

"किती?"

"काढते उद्या."

"काढ," तो म्हणाला, आणि तिच्या ताटात चटणी वाढली.

पुढची वर्षं सोपी गेली नाहीत. कंपनीनं योजना सोडली, आणि ऋतुजाबाईंनी कंपनी. महापालिकेनं योजना आपल्याकडे घेतली, ती अडली, पुन्हा सुटली. व्यंकटेशला मधल्या काळात निम्मे माग बंद ठेवावे लागले. त्यानं हॉटेलांच्या टॉवेलांवर दिवस काढले. आणि चाळीतली काही कुटुंबं वाट बघून कंटाळली, शहराबाहेर निघून गेली. त्यांच्यातली एक बाई अजूनही सरोजाला रस्त्यात ओळख देत नाही, आणि सरोजाला तिचा राग येत नाही.

पण इमारती उठल्या. अकरा मजल्यांच्या, मैदानाकडे तोंड करून बसलेल्या. दशरथमामांना तिसरा मजला मिळाला. मग हौद साफ झाला, नळ्या पडल्या, आणि व्यंकटेशच्या शेडीसह आणखी कितीतरी शेडींत दुहेरी काठाचं कापड रात्रंदिवस निघू लागलं. एका फेब्रुवारीत ते मैदानावर उंच खांबांना ताणलं गेलं, क्रिकेटची खेळपट्टी तेवढी उघडी ठेवून. त्यावरून पोरांनी मोर्चा काढला होता.

आणि मे उजाडला. पारा पंचेचाळीसच्या वर गेला. भोंगा वाजला. शटरं खाली आली, रस्ते ओस पडले. सरोजा अकरावीच्या वार्षिक परीक्षेचे पेपर तपासायला घेऊन बसली, आणि तिनं सहज खिडकीतून खाली बघितलं.

मैदानात माणसं येत होती.

आधी एक-दोन, मग घोळक्यांनी, कडेच्या भिंतींची सावली धरून धरून पेठेतून लोक येत होते. हातात चटया, पाण्याच्या बाटल्या, खांद्यावर झोपलेली मुलं. सरोजा पेपरांचा गठ्ठा घेऊन उतरली. कापडाखाली पाऊल टाकलं आणि अंगावरचा दाब उतरल्यासारखा झाला. हवा गरमच होती, पण वरून आग येत नव्हती. चिंचेच्या गर्द झाडाखाली वाटावं तसं वाटत होतं. पद्मा आधीच येऊन बसली होती, वाती वळत. तिच्या घराच्या छताला आता नळ्या होत्या, घर गार होतं, तरीही ती इथं आली होती. दशरथमामांचा पत्त्यांचा डाव रंगात होता. मेहरुन्निसाआपा दोन बायकांचं जागेवरून चाललेलं भांडण सोडवत होत्या.

"ही माझी रोजची जागा!"

"रोजची? अगं, आत्ता कुठं कापड बांधलंय!"

भर मे महिन्याच्या दुपारी सोलापूरच्या मध्यावर माणसं उघड्यावर बसून भांडत होती. सरोजाला ते ऐकत राहावंसं वाटलं. व्यंकटेश काठाची शिवण तपासत हिंडत होता. तिला बघून त्यानं लांबूनच वर बोट दाखवलं. कापड वाऱ्यानं फुगत होतं आणि भोकांमधून वारा सुटत होता.

ती एका खांबाला टेकून पेपर तपासू लागली. थोड्या वेळानं समोर कुणीतरी उभं राहिलं. एक बाई होती, ओळखीची नव्हती. कडेवर पदराखाली झाकलेलं तान्हं बाळ, सोबत एक पिशवी, चेहरा उन्हानं लाल झालेला.

"ताई, इथं बसायचं तर कुणाला विचारायला लागतं?"

"कुणालाच नाही."

"आम्ही इथले नाही. लांबच्या वस्तीवरनं आलोय, चालत. म्हणजे हे चाळीतल्या लोकांचं आहे ना?"

सरोजानं पेपर गोळा करून मांडीवर घेतले आणि चटईवर सरकून जागा केली.

"बसा," ती म्हणाली. "आधी बाळाला खाली ठेवा."

बाईनं बाळाला चटईवर निजवलं. त्यानं दोन्ही मुठी उघडल्या, एक मोठा श्वास घेतला आणि डोळे मिटले. बाई थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली; मग तीही आडवी झाली, आणि बघता बघता तिला झोप लागली. सरोजानं पुढचा पेपर हळूच उलटला, पानाचा आवाज होऊ नये म्हणून.